मंगळवारची सतरंजी

सरकारी दवाखान्यात एखाद्या कामाचा बॅनर लागला की मला धडकी भरते. चांगलं चाललेलं काम आता कोणीतरी बंद पाडणार, एवढाच अर्थ मी त्यातून काढतो. माझी बायको याला वेडेपणा म्हणते. असेल. पण आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर अजूनही एक बॅनर लटकतो आहे. त्याचा एक कोपरा सुटलाय, तो पंख्याच्या वाऱ्यानं दिवसभर फडफडतो, आणि औषधांच्या खिडकीत बसून मला तो रोज पाहावा लागतो. ‘समूह तपासणी अभियान.’ खाली चार हसरे चेहरे छापलेत, कुठल्या देशातले कोण जाणे. ज्यांनी हे सगळं सुरू केलं त्या साळवे सिस्टरांचा चेहरा त्यात नाही. नाही तेच बरं. त्यांचा तसा हसरा फोटो कोणाकडे असेल असं मला वाटतही नाही.

विमल साळवे. राहायला उस्मानपुऱ्यात, नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आमच्या दवाखान्यात. दवाखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, मनगटाला पुरुषी घड्याळ आणि अंबाड्यात खोचलेलं पेन. ते पेन अंबाड्यातून बाहेर आलं की समोरच्यानं सावध व्हावं, कारण आता काहीतरी लिहून घेतलं जाणार आणि ते विसरलं जाणार नाही. आवाज असा की दाराबाहेर चपला काढणाऱ्या माणसालाही आत कोणाची खरडपट्टी चाललीय ते कळायचं. माणसाला नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. जो जे काम करतो त्या नावानं त्या हाक मारायच्या. शिपाई ‘दारवाले’, डॉक्टर ‘डाक्टरबाई’, आणि मी, बी. फार्म. झालेला, सेवाज्येष्ठता यादीत वर असलेला औषधनिर्माता, ‘गोळीवाले’. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. ‘साहेब’ हा शब्द मात्र त्या फार जपून वापरायच्या. एखाद्याशी बोलण्यात अर्थ उरला नाही असं ठरलं की तो माणूस त्यांच्या दृष्टीनं साहेब व्हायचा, आणि एकदा साहेब झालेला माणूस पुन्हा खाली आलेला मी पाहिला नाही.

त्या बदलून आल्या तेव्हा आमच्याकडे मंगळवार हा शुगर आणि बीपीवाल्यांचा दिवस होता. सकाळी आठला रांग लागायची ती दारातून फाटकापर्यंत. माणसं चार तास उभी राहायची, आत जायची आणि तीन मिनिटांत बाहेर यायची. आमच्या डॉक्टर नाझिया, तिशीच्या आतल्या, कंत्राटी. त्यांची काही चूक नव्हती. एवढ्या माणसांना एवढ्या वेळात बघायचं तर दुसरं काय होणार? त्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगायच्या, ‘साखर बंद, भात कमी, रोज चाला, गोळ्या चुकवू नका.’ सिस्टर पहिल्या मंगळवारी त्यांच्या शेजारी उभ्या राहून दुपारपर्यंत ते वाक्य ऐकत होत्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं.

“डाक्टरबाई, सकाळधरनं तुमी एकच वाक्य बोलायलात. घसा नाय का दुखत?”

“काय करू सिस्टर? माणसं किती आहेत बघा ना.”

“म्हणून तर म्हणायले. सगळ्यांना एकदमच बसवा ना. गोल. एकदाच सांगा, पण नीट सांगा, सावकाश. मग एकेकाचा कागद घ्या. एकाचं बघताना बाकीच्यांनी ऐकायचं. रांगेत माणूस फक्त पुढच्याची पाठ बघतो. गोलात तोंड दिसतं.”

डॉक्टर घाबरल्या. “सगळ्यांसमोर? लोकांना लाज नाही वाटणार?”

“लाजेचं असंल ते पडद्यामागं सांगतील. साखरेची कसली आलीय लाज?”

मी हसलो. “सिस्टर, दवाखान्यात कीर्तन ठेवायलात का?”

“ठेवीन,” त्या भाकरी मोडत म्हणाल्या. “टाळ तुमच्याच गळ्यात अडकवीन, गोळीवाले.”

पुढच्या मंगळवारी त्या शेअर रिक्षातून एक भली मोठी निळ्या पट्ट्यांची सतरंजी घेऊन उतरल्या. त्यांच्या गल्लीतल्या बुद्धविहारातून मागून आणलेली. मागच्या खोलीत, जिथं आम्ही मोडकी टेबलं आणि जुने केसपेपर ठेवायचो, तिथं त्यांनी स्वतः झाडू मारला आणि ती अंथरली. एका वेळी वीसेक माणसं आत घेतली. चपला दाराबाहेर, माणसं गोल, आणि त्याच गोलात सलवार सावरत डॉक्टर. सिस्टरांनी सगळ्यांचं बीपी बघून, बोटाला टोचून साखर मोजून कागदावर लिहिलेलंच होतं. मग डॉक्टरांनी एकेकाचा कागद हातात घ्यायचा, त्याच्याशी बोलायचं, गोळी कमी-जास्त करायची, आणि बाकीच्यांनी कान द्यायचा. तेवढाच वेळ आणि तेवढीच माणसं, पण तीन मिनिटांऐवजी प्रत्येकाला तासभर मिळायला लागला. इतकी साधी गोष्ट वर्षानुवर्षं त्या खिडकीत बसून मला सुचली नव्हती, याचा मला आजही राग येतो.

त्या गोलात खोटं टिकत नसे. काल काय खाल्लं, हे ज्यानं त्यानं सांगायचं असा सिस्टरांचा नियम. एक बाई म्हणाल्या, “काय नाय बाई, अर्धी भाकर न् पालेभाजी.” समोरची लगेच म्हणाली, “व्हय का? न् बारशात दोनदा बुंदी कुणी घेतली? मीच वाढली ना.” सगळे हसले, ती बाईही हसली, आणि पुढच्या मंगळवारी तिनं खरं सांगितलं. डॉक्टरांनी ओरडून जे झालं नसतं ते शेजारणीनं हसत हसत करून टाकलं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. एकदा पुरवठा आला नव्हता म्हणून मी महिन्याऐवजी पाच-पाच दिवसांच्या गोळ्या देत होतो. खिडकीतून पुडी सरकवायची, ‘बाकीच्या नंतर’ म्हणायचं आणि पुढचा घ्यायचा. सिस्टरांनी माझ्या मागचं दार उघडलं, मला खुर्चीतून उठवलं आणि नेऊन त्या सतरंजीवर बसवलं. “इथं सांगा सगळ्यांना. तोंडाकडं बघून सांगा. सहाव्या दिवशी ह्यांनी काय करायचं ते बी सांगा. खिडकीतनं ‘नाय’ म्हणायला काय जातंय?” वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी घाम पुसत पुसत खरं काय ते सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य भांडारात जाऊन दोन तास भांडलो. तोवर आपल्याला भांडता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. गोळ्या त्याच आठवड्यात आल्या.

पण मला सांगायचंय ते पायांचं.

साखर जुनी झाली की पायाची संवेदना जाते. काच लागली, निखारा लागला तरी कळत नाही. जखम आतल्या आत चिघळत जाते आणि कळतं तेव्हा पाय गेलेला असतो. म्हणून रोज तळपाय बघायचा. आता साठीचा, सत्तरीचा माणूस, गुडघे धरलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, तो स्वतःचा तळपाय कसा बघणार? सिस्टरांनी सोपा उपाय काढला. गोलात प्रत्येकानं आपल्या उजवीकडच्याचे पाय बघायचे. नुसतं बघायचं नाही, हातात घेऊन, बोटांच्या बेचक्यात, टाचेला दाबून. मग दाराजवळच्या बादलीवर साबणानं हात धुवायचे.

आपल्याकडं पाय हा साधा अवयव नाही, हे सिस्टरांना माहीत नव्हतं थोडंच. आपल्यापेक्षा मोठ्या माणसानं आपल्या पायाला हात लावला तर पाप लागतं म्हणून एक तरुण बाई पाय पोटाशी घेऊन बसली. एका म्हाताऱ्यानं बाईमाणसाच्या हातात पाय द्यायला साफ नकार दिला. आणि भाऊसाहेब मुळे उठून उभेच राहिले.

भाऊसाहेबांविषयी सांगायला हवं. मूळचे शेंद्र्याचे, मोठ्या जमिनीचे. बरीचशी जमीन कारखान्यांसाठी गेली, मुलगा तिथल्याच एका कंपनीत लागला आणि त्यानं गारखेड्यात घर बांधून वडिलांना आणलं. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, पायात वापरून मऊ झालेल्या जुन्या चामडी चपला. आयुष्यभर लोक त्यांच्या पाया पडत आलेले. त्या दिवशी त्यांच्या उजवीकडे मजीदभाई होते, चाळीस वर्षं रिक्षा चालवून घरी बसलेले.

“आपल्याला नाय जमायचं हे,” भाऊसाहेब म्हणाले. “पायाला हात लावायचा तो देवाच्या, नायतर आईबापाच्या.”

मजीदभाई म्हणाले, “मेरे कू भी नक्को सिस्टर. बडे आदमी हैं, उनों मेरे पावां कू हात लगाये तो मेरे कूच गुनाह.”

सिस्टर मजीदभाईंना थोडं सरकायला सांगून भाऊसाहेबांच्या उजव्या हाताला बसल्या, साडी घोट्याच्या वर घेतली आणि आपला पाय त्यांच्यापुढं केला. “पाया पडायला कोण सांगायलंय? बघायला सांगायले मी. मला बी साखर हाये, आठ वर्षं झाली. माझा बघा.”

साळवे सिस्टर कोण, कुठल्या वस्तीतल्या, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. भाऊसाहेबांनाही माहीत होतं. ते तसेच उभे होते. मी दारात होतो आणि मला वाटलं, आता हे चपला घालून जाणार आणि त्यांच्यामागं निम्मी खोली जाणार. सिस्टरांनी पाय मागं घेतला नाही. नजरही काढली नाही. कितीतरी वेळानं भाऊसाहेब गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. त्यांनी टोपी नीट केली, दोन बोटांनी तो पाय उचलला, मग पूर्ण हातात घेतला, उजेडाकडे वळवला.

“टाच उललीय,” ते म्हणाले. “बेचक्यात पांढरं झालंय. ओलं ठेवता का?”

“धुणी-भांडी कोण करतंय मग माझ्या घरची?”

“पुसत जा. कोरडं पुसत जा.” आणि त्यांनी तो पाय सतरंजीवर हळूच ठेवला.

“झालं?” सिस्टर सगळ्यांकडं बघत म्हणाल्या. “कुणाचं काय गेलं का? आता ज्यानं त्यानं आपलं बघा.”

त्यानंतर दोन वर्षं सिस्टरांचे पाय दर मंगळवारी भाऊसाहेबांनीच बघितले. ती जागा ते कोणाला देत नसत. आणि भाऊसाहेबांच्या डाव्या हाताला बसून त्यांचे पाय मजीदभाई बघत. भाऊसाहेबांचा डावा पाय अंगठ्यापासून टाचेपर्यंत बधिर होता. घरी सुनेला पाय दाखवायची त्यांना लाज वाटायची, मुलगा शिफ्टमध्ये. म्हणजे त्या माणसाचा तळपाय या जगात फक्त आमच्या मागच्या खोलीत दिसायचा, आठवड्यातून एकदा.

त्याचा उपयोग काय झाला, तेही सांगतो. एका मंगळवारी सिस्टर रजेवर होत्या म्हणून जागा फिरल्या होत्या आणि मजीदभाईंचा पाय भाऊसाहेबांच्या हातात आला होता. भाऊसाहेब एकदम ओरडले, “अहो, खिळा हाय!” रिक्षाच्या सीटचा असतो तसा बारीक खिळा चपलेतून आरपार जाऊन टाचेत रुतला होता. मजीदभाई दोन दिवस तो पायात घेऊन हिंडत होते. “मैं बोला चप्पल में खडा गया होंगा,” ते म्हणाले. आधी सगळे हसले. मग डॉक्टरांनी खिळा काढला, टाच दाबली, आणि आतून पू बाहेर आला. पंधरा दिवस ड्रेसिंग चाललं आणि पाय वाचला. मजीदभाई पुढं कोणी नवा आला की टाच वर करून तो व्रण दाखवायचे आणि भाऊसाहेबांकडे बोट करायचे.

मग साहेब लोकांना आमचा पत्ता लागला.

दोन गाड्यांतून वरच्या कचेरीतली सहा माणसं आली. त्यांनी सतरंजीच्या कडेला बूट घालून उभं राहून सगळं पाहिलं, ‘संकल्पना उत्तम आहे’ म्हणाले, फोटो काढले आणि गेले. महिन्याभरात परिपत्रक आलं. आमचा मंगळवार आता अभियान झाला होता आणि सगळ्या दवाखान्यांना लागू झाला होता. हे वाचून मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? पेढे मीच आणले. सिस्टरांनी पेढा हातात धरून परिपत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि पेढा परत पुड्यात ठेवला. एका गटात अमुक इतकी माणसं, आधीच्या दुप्पट. वेळ अर्ध्याहून कमी. प्रत्येक गटाचा बॅनरसहित फोटो त्याच दिवशी मोबाइलवरून पाठवायचा. रजिस्टर बारा रकान्यांचं. बैठकव्यवस्था खुर्च्यांवर, बॅनरकडे तोंड करून. त्याचं कारण पुढं बैठकीत कळलं. सतरंजीवरच्या फोटोंत लोकांचे उघडे पाय दिसतात, ते बरं दिसत नाही, असं वर कोणीतरी म्हणालं होतं.

त्या बैठकीला डॉक्टर नाझियांबरोबर सिस्टर गेल्या होत्या. तिथं काय झालं ते मला डॉक्टरांनी सांगितलं. सिस्टर मधेच उभ्या राहिल्या. “साहेब, खुर्चीत बसल्यावर तळपाय खाली जातो. मग तो बघणार कोण? फरशी?” साहेब समजुतीनं म्हणाले, “सिस्टर, तुमच्या भावना मी समजू शकतो.” सिस्टर म्हणाल्या, “भावना नाय साहेब. पाय.” सभागृहात कोणीतरी हसलं. त्यावर सिस्टर जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला प्रत्येक शब्द योग्य होता.

तीन आठवड्यांत त्यांची बदली झाली. प्रशासकीय कारणास्तव. शहराच्या पार दुसऱ्या बाजूला लसींच्या भांडारात, जिथं दिवसभर फ्रिजचं तापमान लिहायचं आणि बोलायला समोर एकही माणूस नाही. वीस वर्षं माणसांत वावरलेल्या बाईला शिक्षा कशी द्यायची, हे ठरवणाऱ्याला बरोबर कळलं होतं. मी संतापलो, खिडकीच्या आत बसून. अर्ज नाही, भेट नाही, काही नाही.

जाताना त्यांनी सतरंजी गुंडाळून खांद्यावर घेतली आणि खिडकीशी आल्या. “गोळीवाले, खुर्च्या मांडा नायतर पलंग मांडा. फोटो काढा, काय करायचं ते करा. पाय बघायचं तेवढं सोडू नका. भाऊसाहेबांचा डावा तर आठवणीनं. त्येंना तिथं काय बी कळत नाय.”

मी म्हणालो, “हो सिस्टर, बघतो ना.”

हे मी म्हणालो होतो.

पुढं डॉक्टर नाझियांचं कंत्राट संपलं. नवे डॉक्टर दोन दवाखाने सांभाळत होते, नव्या सिस्टरकडे चार कामं होती. माझं अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर माझ्याकडे आलं. अकरावा रकाना होता, ‘पाय तपासणी’. परिपत्रकात तो होता बरं का, ते काही विसरले नव्हते. ‘तपासले – ठीक’ एवढं लिहायची जागा होती. तपासायला वेळ तेवढा नव्हता. पहिल्या मंगळवारी मी म्हटलं, आज गडबड आहे, पुढच्या वेळी बघू, आणि रकाना भरला, कारण रिकामा रकाना वरून परत यायचा. दुसऱ्या मंगळवारी भाऊसाहेब नवे काळे बूट घालून आले. फोटो वर जातो म्हटल्यावर मुलानं हौसेनं घेऊन दिलेले. सगळ्यांनीच तेव्हा कपडे, चपला बऱ्यातल्या घालायला सुरुवात केली होती. भाऊसाहेब पहिल्या रांगेत बसले आणि सवयीनं वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

मी म्हणालो, “राहू द्या भाऊसाहेब, फोटो व्हायचाय.”

“पाय बघणार नाय का कुणी?”

“पुढच्या मंगळवारी नक्की.”

त्यांनी नाडी परत बांधली. त्यांना गाठ नीट दिसत नव्हती म्हणून ती बांधायला मीच मदत केली. नंतर रकाना भरला. तिसऱ्या मंगळवारी ते वाकलेच नाहीत. चौथ्या आणि पाचव्या मंगळवारी ते आले नाहीत, पण ते मला नंतर कळलं, कारण तोवर मी अकरावा रकाना सकाळीच, माणसं यायच्या आधी, वरपासून खालपर्यंत भरून ठेवायला लागलो होतो. मजीदभाई एकदा खिडकीशी येऊन म्हणाले, “साब, मुळेसाब नईं आये. जरा देखो ना.” मी म्हटलं, गावी गेले असतील.

नव्या बुटानं डाव्या करंगळीजवळ फोड आला होता. तो फुटला, चिघळला, काळा पडला. घरात वास यायला लागल्यावर सुनेनं पाहिलं. मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

सिस्टरांना हे मजीदभाईंकडून कळलं. एका दुपारी त्या आल्या. मला वाटलं, आता आवाज चढणार, फाटकापर्यंत ऐकू जाणार, आणि मनातून मला तो हवाच होता. त्या खिडकीशी आल्या नाहीत. मागचं दार उघडून आत आल्या आणि म्हणाल्या, “रजिस्टर.” मी दिलं. त्यांनी अंबाड्यातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकानं भाऊसाहेबांचं नाव शोधत एकेक मंगळवार खाली येत गेल्या. पाचव्या मंगळवारवर पेन थांबलं.

“ह्या मंगळवारी त्येंचा पाय कापला,” त्या म्हणाल्या. “सकाळी अकराला.”

पेनाच्या टोकाखाली लिहिलेलं होतं, ‘तपासले – ठीक’. स्वच्छ, गोलाकार, सगळ्यांना आवडतं तसलं अक्षर.

“अक्षर तुमचंच ना?”

मी मान हलवली. वेळ नव्हता, वरून दबाव होता, एकटा मी काय करणार होतो, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. हे सगळं खरंही होतं. ज्यांनी खुर्च्या मांडायला लावल्या, ज्यांना पाय फोटोत नको होते, त्यांच्यावर मी आजही चिडतो, बॅनरकडे बघून रोज दात-ओठ खातो. पण भाऊसाहेबांच्या बुटाची नाडी त्यांनी बांधली नव्हती. सिस्टरांनी रजिस्टर मिटून माझ्या टेबलावर बरोबर काटकोनात ठेवलं.

“येते साहेब,” त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

पुढं दोन महिन्यांनी मी गारखेड्यात भाऊसाहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या गोळ्या घेऊन गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. मुद्दाम मंगळवार निवडला नव्हता, पण मंगळवार होता. दाराबाहेर सात-आठ जोड चपला होत्या. आत बैठकीच्या खोलीत निळ्या पट्ट्यांची सतरंजी अंथरलेली, तीच. आमच्या दवाखान्यातली जुनी माणसं गोल बसली होती. मजीदभाई होते. भाऊसाहेब भिंतीला टेकून सतरंजीवरच बसले होते, एक पाय लांब केलेला, दुसऱ्या बाजूला धोतर गुडघ्याखाली दुमडून ठेवलेलं. आणि सिस्टर. दर मंगळवारी अर्धी रजा टाकून त्या दोन शेअर रिक्षा बदलत येत होत्या. डॉक्टर नव्हते, बॅनर नव्हता, गोळी बदलायचा अधिकार कोणालाच नव्हता. ते फक्त पाय बघत होते.

मी दारात उभा राहिलो. भाऊसाहेबच म्हणाले, “या, बसा की. जागा हाय.” त्यांच्या आवाजात काहीही नव्हतं, राग तर नव्हताच, आणि त्यानं मला जास्त लागलं. चपला काढून मी आत गेलो. जागा एकच होती, सिस्टरांच्या उजवीकडे.

मजीदभाईंनी भाऊसाहेबांचा राहिलेला पाय मांडीवर घेतला. फार वेळ घेतला त्यांनी, बोटन् बोट वेगळं करून पाहिलं. मग भाऊसाहेब उजवीकडे वळले. “दाखवा,” ते सिस्टरांना म्हणाले. सिस्टरांनी पाय पुढं केला. तो हातात घ्यायला भाऊसाहेबांना आता नीट वाकता येत नव्हतं, तोल जात होता, मजीदभाईंनी मागून त्यांचा खांदा धरला. “परत ओलं ठेवायलात तुमी,” ते कुरकुरले.

मग सिस्टरांची पाळी आली. नियम त्यांनीच केलेला होता. त्या माझ्याकडे वळल्या आणि हात पुढं केला. मला साखर नाही, हे सांगायचं मला धैर्य झालं नाही. मी पाय दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला, टाच दाबली, बेचक्यांत पाहिलं, करंगळीजवळ जास्त वेळ पाहिलं. मग दुसरा. कोणाचेही बघितले असते तितक्याच काळजीनं, एक बोटसुद्धा न सोडता. त्या पूर्ण वेळात त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

“दोन्ही पाय ठीक आहेत, साहेब,” त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला उठल्या.